शांत गाळा

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये शांत गाळा शोधायचा आहे, असं जिज्ञासाने बदलापूरच्या घरी सांगितलं तेव्हा तिचा धाकटा भाऊ भूपेश जेवता जेवता ठसकला.

"ताय, तिथं देवळातली घंटा वाजली तर देवालाच कळत नाय!"

"पण माणसं तिथंच येतात ना," जिज्ञासा म्हणाली. "शेअर रिक्षा तिथपर्यंत येते. बाजाराला आलेली बाई पोराचा कानही दाखवून जाईल."

जिज्ञासा लहान मुलांचे कान तपासायची. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात ती काही वर्षं ते काम करत होती, राहायचीही तिकडेच. वांगणी, बारवीकडच्या पाड्यांवरची मुलं तिच्याकडे फार उशिरा पोचत. मूल बोलत नाही, बोलत नाही म्हणून घरचे वाट बघत राहत, आणि खरं कारण कानात असे. आपल्याच भागात एक लहान दवाखाना काढायचा, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. नावही ठरलं होतं, 'कानोसा'.

कान तपासायला शांतता का लागते, हे समजायला सोपं आहे. तपासणीत मुलाला आधी मोठा आवाज ऐकवतात, मग लहान, मग त्याहून लहान. कुठला आवाज त्याला शेवटचा ऐकू आला, ते बघायचं. आता खोलीतच पंखा घरघरत असेल, तर तो बारीक आवाज घरघरीत बुडून जातो. चांगल्या कानाचं मूलही मग नापास होतं. म्हणून जिज्ञासाला बाकी काही कमीजास्त चाललं असतं, शांतता मात्र हवी होती.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळा मिळत होता. मालक लालचंदभाई म्हणून एक सिंधी गृहस्थ होते. जिज्ञासा तो बघायला गेली, तो नेमका सुट्टीचा वार. गल्ली निवांत होती. पण सुट्टीच्या दिवशीची शांतता खरी धरायची नसते, हे तिला ठाऊक होतं. तिला पुन्हा रजा मिळेना.

"मी बसन ना तिथं दिसभर," तिचे वडील जनू भोईर म्हणाले. "मना काय काम हाय?"

जनूबाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. तापून लाल झालेलं लोखंड चिमट्याने घणाखाली धरायचं, आणि वरून यंत्राचा घण कोसळायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कान थोडे जड झाले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जिज्ञासाने कितीदा म्हटलं, बाबा, एकदा तपासू. ते म्हणायचे, "मना येतंय ऐकू. तुमचा टीव्हीच दबका हाय." म्हणून तिने बजावलं, की भूपेशनेही बरोबर बसायचं.

संध्याकाळी दोघं परत आले. "एकदम शांत हाय," बाबा म्हणाले. भूपेशनेही मान डोलावली. करार झाला. बदलापूर गावात जो भेटेल त्याला बाबा सांगू लागले, "पोरीच्या दवाखान्याची जागा मी निवडली. दिसभर बसून बगितली."

जिज्ञासाने नोकरी सोडली, आणि मापं घ्यायला हिंदुराव मिस्त्रींना घेऊन ती गाळ्यावर आली, तेव्हा कामाचा वार होता. हिंदुराव साताऱ्याकडचे, फर्निचर आणि पार्टिशनचं काम करणारे. टेप काढता काढता ते थांबले.

"मॅडम, भिंतीपलीकडं काय आहे ओ? मधमाश्या पाळल्यात का कुणी?"

जिज्ञासाने भिंतीला कान लावला. मग ती धावतच वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेली. गाळ्याच्या पाठीला पाठ लावून जीन्स शिवायचा कारखाना होता. ओळीने मशीनी, एकाच वेळी चालू. मध्ये निळ्या कापडाचे ढीग, आणि त्यात उभे लालचंदभाई. कारखानाही त्यांचाच.

"अरे बेटी, मैंने अंकल को बोला था," लालचंदभाई कळवळून म्हणाले. "बोला, साईं, पीछे मशीन चलता है, घुर्रघुर्र होएगा. अंकल बोले, हां हां, चलेगा. मेरेको लगा, बडे दिल का आदमी है."

ते 'हां हां' जिज्ञासाने तिथल्या तिथे ओळखलं. ज्याला ऐकू येत नाही, तो एकदा विचारतो, 'काय?' दुसऱ्यांदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटते. मग तो हसून मान हलवायला शिकतो. तिच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये तिने हे शंभरदा पाहिलं होतं.

तिने भूपेशला फोन लावला. "तू बसला होतास ना रे तिथे?"

"ताय... त्या दिवशी कुळगावला टूर्नामेंट होती. मी बाबांना सोडलं, आणि... संध्याकाळी त्यांना विचारलं, ते बोलले शांत आहे, मग मी पण बोललो शांत आहे." मग तो म्हणाला, "बाबांना सांगू?"

"खबरदार!"

ती गाळ्याच्या उंबऱ्यावर बसली. दवाखाना दुसरीकडे हलवता आला असता. वेळ गेला असता, पण आला असता. मग बाबांनी विचारलं असतं, का हलवला? त्यावर कुठलंही उत्तर दिलं तरी त्यातून एकच गोष्ट बाहेर पडणार होती. मुलांचे कान बघणाऱ्या पोरीसाठी जागा निवडली ती बहिऱ्या बापाने. आणि तो तर ही गोष्ट गावभर मिरवत होता.

"हिंदुराव," ती म्हणाली, "आहे याच जागेत शांत खोली करायची. आणि बाबांना यातलं काही कळता कामा नये."

हिंदुरावांनी कानामागची पेन्सिल काढली. "करू की. खोलीत खोली करू."

कामाला सुरुवात झाली. गाळ्याचा पुढचा भाग बसायला ठेवला. तिथे भिंतीकडेला बाक, आणि मुलांना वर चढावं लागू नये इतक्या बुटक्या खुर्च्या. पायरी काढून उतार केला. मागच्या भागात तपासणीची खोली. ती एखाद्या मोठ्या डब्यात लहान डबा ठेवावा तशी बांधायची होती. लहान डबा मोठ्याला कुठेही टेकायचा नाही. खाली जाड रबराचे तुकडे, त्यावर लाकडी जमीन. भिंती दुहेरी, मध्ये लोकरीसारखा भराव. खिडकीला दोन काचा, त्याही एकमेकींपासून लांब. दाराला कडेने रबर. हवा आत यायची ती वळणावळणाच्या बोगद्यातून, म्हणजे तिच्याबरोबर आवाज आत शिरू नये.

बाबा रोज यायचे. दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि देखरेख करायचे.

"इतकं जाड दार कशाला गो?"

"पोरं बोट घालतील, बाबा!" जिज्ञासा ओरडून सांगायची.

"बराबर."

जिज्ञासा आणि हिंदुराव आवाजाबद्दल बोलायचे ते कोपऱ्यात जाऊन, कुजबुजत. जनूबाबांसमोर कुजबुजायची काही गरज नव्हती. तरी दोघांना मोठ्याने बोलवत नसे.

खोली झाली. जिज्ञासाने आत बसून दार लावलं आणि आवाज मोजायचं यंत्र गुडघ्यावर ठेवलं. भिंतीतून येणारी घरघर गेली होती. पण जमिनीतून एक खोल गुणगुण अजून येत होती, अगदी बारीक. घरात कुणाला खुपली नसती. तपासणी बिघडवायला मात्र तेवढी पुरेशी होती.

ती पुन्हा लालचंदभाईंकडे गेली. "तुमच्या मशीनी बंद कधी असतात?"

"बंद? बेटी, मशीन बंद तो धंदा बंद." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "एक से दो, खाने का टाइम. तब सब बंद."

"सगळं? तो कापड कापायचा मोठा कटरपण?"

"कटरवाले को भी भूख लगती है ना, बाबा!"

जिज्ञासा हसली. तपासणी जेवणाच्या सुट्टीत करायची, आणि मुलांना बोलायला शिकवायचं, कानाला यंत्र बसवायचं, आईबापांशी बोलायचं, ते बाकीच्या वेळात. लालचंदभाईंनी मशीनीवरच्या पोरांना बोलावून सांगितलं, की जेवताना मोबाइलवर गाणी लावायची नाहीत, पलीकडे बच्चा लोगांचा कान बघतात. पोरांनी हो म्हटलं. एकाने विचारलं, "हमारा भी देखेंगे क्या?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीची शेवटची चाचणी ठेवली. जिज्ञासाची आई येसू डबा घेऊन बदलापूरहून पहिल्यांदाच गाळ्यावर आली. हिंदुराव होते, भूपेश होता. बाबा नेहमीच्या खुर्चीत. नवा रंग ओला होता म्हणून दारं-खिडक्या सताड उघडी होती, आणि मशीनींचा आवाज मागच्या गल्लीतून वळसा घालून आत येत होता. येसूने डबा उघडला.

एक वाजला. मशीनी थांबल्या.

रोज त्या आवाजात काम करणाऱ्या हिंदुरावांचे खांदे एकदम खाली आले. भूपेशने मान वर केली. जिज्ञासाने नकळत डोळे मिटले. येसू वाढता वाढता म्हणाली, "अगो बाय, थांबला एकदाचा! डोका उठला होता माझा."

बाबांना यातला एकही शब्द ऐकू आला नाही. पण एकाच क्षणी चार माणसांचे चेहरे सैल पडलेले त्यांनी पाहिले.

"काय जाला?" त्यांनी विचारलं.

येसूला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. भूपेश पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ते उठले, नव्या खोलीच्या कडेने मागच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात ठेवून उभे राहिले. भिंत गार आणि गप्प होती. ते परत येऊन बसले, पण जेवले नाहीत. दोन वाजता, चाचणी उरकून सगळे पुन्हा आपापल्या कामात असताना त्यांनी परत भिंतीवर हात ठेवला. आयुष्यभर यंत्राला हात लावून कामं केलेली. भिंत थरथरत होती.

त्यांनी आपली पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामीच राहिली. तिसऱ्या दिवशीही. येसूचा फोन आला, "वाडीत बसतंय नुसता. माझ्याशी पण बोलत नाय. उद्घाटनाला मी येनार नाय, एवढाच बोलला."

जिज्ञासा बदलापूर गावात आली तेव्हा बाबा घरामागच्या वाडीत वालाचे वेल काठीला बांधत होते. तिची सावली मातीवर पडली तेव्हा त्यांना ती आल्याचं कळलं.

"तुमी सगल्यांनी मना येडा बनवला," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"मी गावभर सांगितला, जागा मी बगितली म्हनून. लोकं हसत असतील."

त्याला उत्तर द्यायचं तर हळू द्यावं लागलं असतं, जवळ बसून. पण हळू बोललेलं त्यांना ऐकू आलं नसतं. जिज्ञासाला फार अवघड वाटलं. शेवटी ती त्यांच्यासमोर मातीत बसली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने म्हणाली, "कान घणाने गेलेत, बाबा! तुमची चूक नाही!"

कुंपणापलीकडून मोतीबाई डोकावली. शेजारची, येसूच्या वयाची. "बराबर बोलतंय पोरगी," ती म्हणाली. "मी कवाची येसूला सांगतंय. कुंपनावरून हाका मारतंय मी जनूदादाला, त्यो बगत पन नाय. मना वाटला, शेताच्या बांधावरून अजून राग हाय त्याच्या मनात. मी हाका मारायच्याच बंद केल्या."

"काय बोलतंय ती?" बाबांनी विचारलं.

जिज्ञासाने ओरडून सांगितलं. बाबा मोतीबाईकडे बघत राहिले. हातातली सुतळी खाली पडली.

"मी कशाला रागवू तिच्यावर?" ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अजून कोनाकोनाला असा वाटला?"

जिज्ञासाला 'कुणालाच नाही' म्हणता आलं असतं.

"मला," ती म्हणाली. ते ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने छातीवर हात ठेवून पुन्हा सांगितलं. "मला, बाबा! लहान होते तेव्हा! तुम्ही कामावरून यायचात, मी शाळेतलं काहीबाही सांगायचे, तुम्ही नुसते हं हं करायचात! मला वाटायचं, यांना माझं आवडत नाही!"

मोतीबाई कुंपणाआड खाली वाकली आणि दिसेनाशी झाली. बाबांनी मातीने भरलेला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तसाच बराच वेळ राहू दिला.

"तो दवाखाना चालंल ना पन?" शेवटी त्यांनी विचारलं. "त्या आवाजात?"

"चालेल! जेवणाच्या सुट्टीत तपासू!"

"मंग चालू द्या," ते म्हणाले, आणि वेलाकडे वळले. येतो म्हणाले नाहीत.

उद्घाटनाला भूपेशला बेंजोचा ताफा आणायचा होता. "कानाच्या दवाखान्याला बेंजो?" असं जिज्ञासाने विचारल्यावर त्याने स्वतःच कपाळाला हात लावला. नारळ फुटला, पेढे वाटले. लालचंदभाई मोठा हार घेऊन आले. येसू आली. तिच्या मागून, नवा सदरा घालून, बाबाही आले, आणि कुणी काही बोलायच्या आत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पहिली तपासणी बारवीकडच्या एका पाड्यावरून आलेल्या मुलीची होती. नाव तेजस्वी. तिचा बाप चांगो वीटभट्टीवर कामाला होता. तिला कडेवर घेऊन तो सकाळपासून येऊन बसला होता.

"बोलत नाय बाय ही," चांगो म्हणाला. "भात दाखवला का येते. हाक मारली का कदी येते, कदी येत नाय."

एक वाजला. मशीनी थांबल्या. जिज्ञासाने तपासणीच्या खोलीचं जाड दार उघडलं, आणि ते दार बघूनच तेजस्वीने भोकाड पसरलं. चांगो तिला घेऊन आत जाऊ लागला, तर ती त्याच्या गळ्याला आणखीच घट्ट बिलगली. चित्रं दाखवली, बाहुली दाखवली. वेळ जात होता. सुट्टी संपली की मशीनी सुरू होणार होत्या, आणि चांगोला रोज रोज खाडा करून येता येणार नव्हतं.

तेवढ्यात जनूबाबा उठले. ते काही न बोलता आत गेले, बुटक्या खुर्चीत कसेबसे बसले आणि समोरच्या टेबलावर ठेवलेल्या रंगीत कड्या उचलून खुंटीवर घालू लागले. एक लाल, एक पिवळी. तेजस्वीचं रडणं हळूहळू कमी झालं. म्हातारा माणूस लहान खुर्चीत बसलाय, याचं तिला नवल वाटलं. ती बापाच्या कडेवरून उतरली आणि आत जाऊन शेजारच्या खुर्चीत बसली.

जिज्ञासाने दोघांना खेळ समजावून सांगितला. तेजस्वीला हातवाऱ्यांनी, बाबांना ओरडून. आवाज आला की एक कडी खुंटीवर घालायची. नाही आला तर कडी हातातच धरायची. मग दार लावून ती काचेपलीकडे यंत्रापाशी बसली.

खोलीतल्या स्पीकरमधून आलेला पहिला आवाज मोठा होता, ढोलासारखा. दोघांनी कड्या घातल्या. तेजस्वी हसली. पुढचा जरा लहान. तिने कडी घातली, बाबांनीही घातली, पण किंचित उशिरा. जिज्ञासाच्या लक्षात आलं, बाबा तेजस्वीच्या हाताकडे बघतायत. तिचा हात हलला की आपला हलवायचा. इतक्या वर्षांची सवय.

तिसरा आवाज आणखी लहान होता. तेजस्वीने मान तिरकी करून ऐकलं आणि कडी घातली. बाबांचा हात वर गेला, आणि मध्येच थांबला.

तेजस्वीने त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या सोबत्याला खेळ समजला नाही, असं तिला वाटलं असावं. तिने बोटाने त्यांच्या गुडघ्यावर दोनदा टकटक केलं आणि खुंटी दाखवली. घाला ना.

बाबांनी कडी हातातच धरली. ते तिच्याकडे बघून मान हलवत म्हणाले, "नाय गो बाय. हा मना नाय आला ऐकू."

आपला आवाज किती मोठा आहे, हे त्यांना कधीच कळत नसे. हिंदुरावांच्या दुहेरी काचेतूनही ते वाक्य बाहेर आलं. बाकावरच्या येसूने ऐकलं, भूपेशने ऐकलं, हार हातात घेऊन उभ्या असलेल्या लालचंदभाईंनी ऐकलं. बाबांनी काचेतून जिज्ञासाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा थोडा घाबरलेला होता, शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलासारखा. कडी अजून त्यांच्या हातातच होती.

जिज्ञासाने मान डोलावली, आणि पुढचा आवाज थोडा मोठा लावला.